जन्माची खुंटी, समाजाची खुंटी

आमच्या वर्ध्यात विचित्र माणसांची टंचाई कधीच नव्हती. कोणी नुसता कच्चा पाला खाऊन राही, कोणी अंगाला माती थापून उन्हात पडे, कोणी मौन धरी आणि पाटीवर लिहून लिहून भांडे. रस्त्यात कोणी काही वेडंविद्रं करताना दिसलं की आम्ही समजायचो, याचा काहीतरी प्रयोग चालू आहे, आणि बाजूनं निघून जायचो. त्यामुळे आमच्याकडे दोन खोल्या भाड्यानं घेतलेले सर पहिल्याच दिवशी अंगणातल्या कुत्र्याला "अहो, जरा सरकता का?" असं म्हणाले, तेव्हा आईला काही नवल वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आला वाटते आनखी एक."

सर कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, अंगात बारा महिने खादीचा कोट. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कोट, विचार करा! घामानं निथळत असत, पण काढत नसत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "वर्गात मुलं बसतात, त्यांच्यासमोर नीट दिसावं माणसानं." अहो, पण रविवारी कुठली मुलं?

माणूस भेटला की नमस्कार-चमत्कार नाही, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुम्हाला शेवटची लाज कधी वाटली?" न्हाव्याला, भाजीवालीला, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना, सगळ्यांना तोच. प्रिन्सिपॉल म्हणे लाल झाले होते. एका टांगेवाल्यानं मात्र घोड्याचा लगाम आवळत पटकन उत्तर दिलं, "आत्ता, जी. तुम्ही इचारलं तवा." सर त्या उत्तरावर इतके खूश झाले, की वर्गात येऊन आम्हाला ते फळ्यावर लिहून दाखवलं.

त्यांची स्वतःची लाज मात्र कायम उतू जात असायची. आईकडून एक काडी मागून नेली, तर दुसऱ्या दिवशी आगपेटी विकत आणून त्यातली एक काडी परत करणार. कुत्र्याच्या शेपटीवर एकदा चुकून पाय पडला, तर पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या वाटणीचं दूध पाजत होते. कुत्रंही हुशार. सर दिसले की शेपूट मुद्दाम वाटेत टाकून बसायला लागलं. आई म्हणायची, "मास्तर, त्यानं तुमाले वळखलं, तुम्ही त्याले नाई वळखलं."

आणि गंमत अशी, की टोचणी म्हणजे काय हे ज्याला पुरेपूर ठाऊक, त्या माणसाचा अभ्यासाचा विषय होता टोचणी नसलेली माणसं. वाईट काम करून ज्याला वाईटच वाटत नाही, असा माणूस. वेडा नाही, भ्रमिष्ट नाही, बोलायला गोड, वागायला झकास, पण आत जिथं काहीतरी टोचायला हवं तिथं काही नाही.

या माणसाला म्हणायचं काय, यावरून पंडितांत जुंपली होती. सर सांगत, पूर्वी त्याला 'नैतिक वेडा' म्हणत. मग सायकोपॅथ हा शब्द आला, आणि त्या एका टोपलीत इतक्या तऱ्हेची माणसं भरली गेली की तळ दिसेना. मग अमेरिकेतून नवा शब्द आला, सोशिओपॅथ. आता कोणी म्हणे दोन्ही एकच. कोणी म्हणे छे, सायकोपॅथ म्हणजे जन्मतःच तसा, आणि सोशिओपॅथ म्हणजे घरानं, गावानं, परिस्थितीनं बिघडवलेला. तिसरा कोणी म्हणे, या दोन्ही निव्वळ शिव्या आहेत, फक्त डॉक्टरांनी दिलेल्या.

सरांच्या खोलीत दारामागे दोन खुंट्या होत्या. एकीच्या वर खडूनं लिहिलं होतं 'जन्म', दुसरीच्या वर 'समाज'. निजताना कोट काढत तो ज्या खुंटीवर जाई, ते त्या दिवसाचं सरांचं मत. सकाळी आई झाडायला म्हणून आत डोकावायची आणि चुलीपाशी येऊन बातमी द्यायची, "आज समाजावर हाये." म्हणजे सर आज खुशीत, दोन भाकरी जास्त. जन्मावर असला की समजायचं, आज मास्तरचं तोंड उतरलेलं, भाजी कमी कर. कारण उघड होतं. समाजानं बिघडवलेला माणूस समाजाला सुधारता येईल. जन्माचं काय करणार?

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर डॉक्टर येत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, जाडजूड, पोह्यांवर प्रेम करणारे. ते म्हणत जन्म, सर म्हणत समाज. तासाभरानं पाहावं तर डॉक्टर समाजाच्या बाजूनं ओरडताहेत आणि सर जन्माच्या. मध्ये कधी बाजू बदलल्या हे दोघांनाही ठाऊक नसायचं. एकदा डॉक्टर चिडून म्हणाले, "अहो, जुन्या व्याख्येत तर स्वतःला उगाच टोचून घेणारा, सारखा खंतावणारा माणूससुद्धा सायकोपॅथच. म्हणजे तुम्ही!" सर उठून खोलीत गेले. दोन दिवस कोट कुठल्याच खुंटीवर नव्हता, अंगातच होता. माझ्या आईनं शेवटी दार ठोठावून सांगितलं, "मास्तर, पेढा गोड हाये का कडू हाये येवढं सांगा ना. कोन्या हलवायानं केला ते मंग पाहू."

"पण उपाय त्यावरच ठरतो हो, माउली," सर कळवळून म्हणाले.

त्यांना फसवणं फार सोपं होतं. एकदा एकानं त्यांचा लोटा चोरला आणि सापडला. सरांनी त्याला मारलं नाही, पोलिसात दिलं नाही, विचारलं, "लाज वाटली का?" त्यानं मान खाली घातली, "लय वाटली, जी." सरांना इतका आनंद झाला की लोटा त्यालाच दिला. पुढच्या आठवड्यात तोच गडी पातेलं घेऊन जाताना सापडला आणि सरांना पाहून स्वतःहूनच म्हणाला, "लय लाज वाटून राह्यली, जी." पातेलंही गेलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा पुढं आई होती आणि तिच्या हातात लाटणं होतं.

असे हे आमचे सर. मी त्यांच्या वर्गात होते, इंटरला. कॉलेजात तेव्हा मुली मोजक्याच. आणि त्याच साली मला जवळच्या आंजी गावचं स्थळ आलं.

आंजीवाला म्हणू या त्याला, नाव कशाला. घरची शेती, बैलजोड्या, स्वतः मॅट्रिक झालेला, उंच, हसरा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तो दोन बैलांची दमणी स्वतः हाकत. उतरल्या उतरल्या आईच्या पाया पडला, बाबांच्या चरख्याशेजारी मांडी घालून बसला आणि सूत किती बारीक निघतं म्हणून विचारलं. कुत्रंसुद्धा त्याच्याकडे गेलं. आईनं पाटवडीचा रस्सा केला होता, तर पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाला, "आई, आता मी घरी जातच नाई." मला तो आवडला. खोटं कशाला बोलू? दाराच्या फटीतून मी त्याला पाहिलं आणि मला तो फार आवडला. बाबांनी शब्द दिला. दसऱ्याला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं आणि सगळ्या गल्लीला कळलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं ओसरीवर शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची, गोष्ट सांगितली. काकाची जोडी काकाला न विचारता पटात उतरवली होती त्यानं. धावताना डाव्या बैलाचा पाय खड्ड्यात गेला आणि मोडला. हे तो असं सांगत होता, की काय सांगू तुम्हाला! बैल कसा कोलमडला, काका कसा धोतर सावरत बोंबलत आला, लोक कसे पळाले, सगळ्यांच्या नकला. बाबा हसून हसून खोकायला लागले. मी दाराआड पोट धरून बसले. गोष्ट संपली आणि त्यानं आईकडे ताट सरकवलं, "अजून थोडा रस्सा?"

सरही ओसरीवर होते, ते एकटे हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "मग त्या बैलाचं काय झालं?"

"काय व्हायचं? गोठ्यात हाये. खाते, बसते."

"तुम्हाला शेवटची लाज कधी वाटली?"

लोक या प्रश्नाला गडबडतात, चिडतात, नाहीतर हसतात. आंजीवाल्यानं सरांकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमाले काय आयकाले आवडन, मास्तर?"

त्या दिवशी सर जेवले नाहीत. कोट जन्मावर गेला आणि तिथंच राहिला. चारआठ दिवसांनी त्यांनी बाबांना गाठलं. म्हणाले, मला काळजी वाटते. बाबा म्हणाले, कशाची? सरांना सांगता येईना. सांगायला शब्द होते दोन, आणि दोन्हींचा त्यांनाच भरवसा नव्हता. "शब्द एकदा चिकटला की माणसाच्या अंगावरून मरेपर्यंत निघत नाही," ते म्हणाले. "मला आधी पाहू द्या."

आणि त्यांनी परीक्षा काय शोधून काढली? खांदशेकणी! आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला नदीवर धुतात, संध्याकाळी त्याच्या खांद्याला हळद आणि तूप चोळून खांदा शेकतात, आणि सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर त्याच खांद्यावर जू ठेवलेलं असतं. सर म्हणाले, मी कितीतरी आडदांड माणसं पाहिली आहेत, वर्षभर बैलाला पुराणीचं टोक टोचणारी, पण त्या संध्याकाळी त्यांचा हात हलका होतो. आपल्यामुळे लंगडा झालेल्या बैलाचा खांदा शेकताना या माणसाच्या आत काही हललं, तर माझी काळजी खोटी.

खांदशेकणीच्या दिवशी सर आर्वीच्या मोटारीनं आंजीला गेले. बरं, गुपचूप पाहावं की नाही? नाही. फसवणूक होईल ना ती! सरळ जाऊन त्याला सांगितलं, "मी तुमची खांदशेकणी पाहायला आलोय." दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले ते अंगणातूनच ओरडत, "माउली, समाज! समाज!"

पोळ्याचा दिवस, आई पुरणाच्या घाईत. सर चुलीशेजारीच पाटावर बसले आणि सांगू लागले. बैलाच्या गळ्यात हात टाकून तो रडला हो. खरं पाणी, गालांवरून. हळद चोळताना हात अगदी हलका. म्हणाला, चुकलो, राजा, माफ कर. बैल बिचारा कसा शांत! मान खाली घालून, चारही पायांवर असा सरळ उभा...

तिथं सर थांबले. आईनं पुरण वाटणं थांबवलं नाही, पण मी पाहिलं, सरांचं तोंड हळूहळू पडत गेलं.

"चारही पायांवर," ते पुन्हा म्हणाले. उठले, कोट नीट केला आणि तसेच उपाशी मोटारअड्ड्यावर गेले.

पुढचं आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं. आंजीत तोरणाखाली बैल उभे होते, झुली, घुंगरं, वाजंत्री. आंजीवाला सगळ्यात पुढे, फेटा बांधून. सरांनी विचारलं, तो पाय मोडलेला बैल कुठं आहे? तो हसून म्हणाला, "तो? तो तं तवाच इकला, आर्वीच्या बजारात."

"मग काल ज्याच्या गळ्यात पडून रडलात तो?"

"तो दुसरा. मास्तर, तुम्ही येवढ्या दुरून आले. तुमाले रिकाम्या हातानं कसं पाठवू?"

सर म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटत नाही?"

आणि त्यानं विचारलं, "कायचं?" सर म्हणाले, तो चिडला नव्हता, थट्टा करत नव्हता. एखाद्यानं न पाहिलेल्या फळाचं नाव विचारावं तसं त्यानं विचारलं.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. बाबा, डॉक्टर, सर. आई उंबऱ्यात, मी तिच्या मागे. सरांनी घडलं ते सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मले नाई पायजे हा जावई. ज्याले बैलाचं काई नाई त्याले बायकोचं काय असन?" बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, राग नव्हता, उजेड होता. माझे बाबा फार भले होते. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात दिवसभर राबून संध्याकाळी सूत कातायचे, आणि जगात वाईट माणूस नाही असं मनापासून मानायचे. आमच्या गावाची हवाच तशी होती. हृदयपरिवर्तन हा शब्द आमच्याकडे मीठमिरचीसारखा रोजचा.

"प्रोफेसरसाहेब," बाबा म्हणाले, "तुम्हीच तं शिकवता, माणूस समाजानं बिघडते. मंग समाजानंच त्याले दुरुस्त कराले पायजे. त्याले प्रेमाचं माणूस भेटलं नसन आजवर. माही पोरगी सोनं आहे. ती बदलवन त्याले. यापेक्षा मोठं काम कोन्तं?"

मी आईच्या पाठीमागे उभी होते आणि मला काय वाटत होतं माहीत आहे? अभिमान. एकोणीस वर्षांची मूर्ख पोरगी, मला वाटत होतं, हो, मी बदलवीन. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून खरोखरचं रडेल. मी मनातल्या मनात त्याचे डोळेसुद्धा पुसले होते.

सरांनी बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांची त्यांची आशा, तो समाज, बाबा त्यांच्याच हातून घेत होते आणि मला त्याच्यात गुंडाळून आंजीला पाठवत होते. सर उभे राहिले. आवाज चढलेला मी त्यांचा तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"नाही. तो जन्मतःच तसा आहे. असा माणूस सुधारत नाही. प्रेमानं नाही, मारानं नाही, उपासतापासानं नाही, कशानंही नाही. शास्त्र हे नक्की सांगतं."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या हातात पोह्यांची बशी होती. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग घास गिळून म्हणाले, "मी तर पहिल्यापासून तेच सांगतोय."

साक्षगंध मोडलं. बाबा स्वतः आंजीला जाऊन सांगून आले. आंजीवाल्यानं म्हणे त्यांना जेवू घातलं आणि मोटारीपर्यंत सोडायला आला. पण गल्लीत माझं नाव खराब झालंच. मुलीतच काही खोट असेल, कॉलेजात जाते ना, वगैरे. मी सरांशी बोलणं टाकलं. वर्गात त्यांनी प्रश्न विचारला की मी खिडकीबाहेर बघायची. कोण हा माणूस, शेपटीवर पाय पडला म्हणून रडणारा, माझं आयुष्य मोडून मोकळा झालेला? असा संताप यायचा! सर दारातून जाताना मला वाट देऊन भिंतीला चिकटून उभे राहायचे. बिचारे.

वर्षभरानं माझं हिंगणघाटला लग्न ठरलं. शाळामास्तर, साधा, अबोल माणूस. हळदीच्या आदल्या दिवशी सर परसात आले. मी वाल निवडत होते. म्हणाले, "बाई, मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. मी त्या दिवशी खोटं बोललो."

मी वर पाहिलं.

"शास्त्र नक्की काहीच सांगत नाही. तो जन्मतः तसा होता की घडला, सुधारला असता की नाही, मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पण तुमचे वडील माझ्या शंकेच्या भरवशावर तुम्हाला त्याला देणार होते. शंकेवर प्रयोग करतात, पण तो स्वतःवर. दुसऱ्याच्या मुलीवर नाही."

मला राग यायला हवा होता. मी सूप बाजूला ठेवलं आणि ढसाढसा रडले. सर इतके घाबरले, की त्यांनी माझी माफी मागितली, मग वालांची. त्या दिवसापासून मी त्यांना जे मानलं, ते शेवटपर्यंत.

पण सरांची सुटका झाली नाही. माझ्याकडे कबुली दिली, पण ज्याच्या अंगावर शिक्का मारला त्याच्याकडे कुठं दिली होती? पुढे चार वर्षं ते रखडत राहिले. मग नागपूरला नोकरी मिळाली, वर्धा सोडायचं ठरलं, आणि त्यांनी जाहीर केलं की आंजीला जाऊन माफी मागितल्याशिवाय मी पेटी भरणार नाही. मी तेव्हा माहेरी आले होते, लेक कडेवर. आई म्हणाली, "जा वं त्याच्यासंगं. एकटा गेला तं मोटारीचीबी माफी मांगत बसन." तिनं लेकीला स्वतःकडे घेतलं. माझ्या यजमानांना मी हे नंतर सांगितलं, आधी नाही. खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतं, आपण काय हुकवलं ते.

आंजीवाला अंगणातच होता. थोडा भरला होता, हसू तेच. "या या, मास्तर! किती वर्षांनी!" मग माझ्याकडे वळून नम्रपणे म्हणाला, "ह्या बाई कोन? तुमची भाची काय?"

त्यानं मला ओळखलं नाही. नाटक नव्हतं ते. माझ्यासाठी दमणी हाकत आलेला, माझ्या घरी रस्सा वाढून घेणारा माणूस. मी म्हटलं, "हो, भाची."

बाजेवर बसलो. सरांनी हात जोडले आणि सुरुवात केली. तुमचं लग्न मोडलं ते माझ्यामुळे. मी खात्रीनं म्हणालो की तुम्ही जन्मतः वाईट आहात आणि सुधारणार नाही. ते खोटं होतं. मला खात्री नव्हती. एका मुलीला वाचवायचं म्हणून मी तुमच्यावर शिक्का मारला. मला क्षमा करा. आतून त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती दाराशीच थांबली. हे संपेपर्यंत हलली नाही. मग कप ठेवताना प्रत्येक कपाआधी तिनं एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हात्तिच्या!" आंजीवाला हसला. "येवढंच? मी तं कवाच इसरलो. केलं माफ, मास्तर. घ्या, चहा घ्या." आणि सरांच्या पाठीवर असा प्रेमानं हात फिरवला की सर हमसून हमसून रडले.

निघालो तेव्हा सर फाटकाशी त्याच्या कुत्र्याशी काहीतरी बोलत थांबले. तो आत गेला होता. बायको मला कुंकू लावायला आली. माझ्याच वयाची असेल. कुंकू लावून तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

"तुम्हीच ना त्या?" ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली.

तिनं एकदा मागे दाराकडे पाहिलं. "तुमच्यासाठी हे मास्तर खोटं बोलले," ती म्हणाली. "माह्यासाठी कोनी नाई बोललं, बाई." मग मनगट सोडलं आणि आत निघून गेली. तिचा हात गार होता.

मोटारीची वाट पाहत आम्ही झाडाखाली उभे होतो. इतक्या वर्षांत सरांना इतकं हलकं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी चक्क कोटाची बटणं सोडली. म्हणाले, "पाहिलंत? माफ केलं त्यांनी. ज्याला क्षमा करता येते त्याच्या आत काहीतरी असतंच. मी चुकलो होतो, बाई, पूर्ण चुकलो होतो. किती बरं वाटतंय!" मग एकदम आठवून त्यांनी विचारलं, "त्या बाई तुम्हाला काय म्हणाल्या हो?"

धूळ उडवत मोटार येताना दिसत होती. सर माझ्या तोंडाकडे पाहत होते, उत्तराची वाट पाहत.

"म्हणाल्या, मास्तरांना पुन्हा घेऊन या," मी म्हटलं.

"सुखात दिसल्या मला."

"हो सर. सुखात आहेत."